मुंबईत फॅट बाइकची हिवाळी ग्रुप राइड: आधी ओहोटी, मग हवा, मग बाकीचं

प्रश्न थोडक्यात असा: अंधेरी ते बोरिवली पट्ट्यातल्या बारा-पंधरा जणांकडे फॅट बाइक, म्हणजे चार इंची जाड टायरच्या सायकली आहेत, बहुतेक साध्या बनावटीच्या, काही बिनगिअरच्या तर काही २१ गिअरच्या. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी जगभरचे फॅट बाइकवाले एकत्र राइड काढतात, तशी मुंबईच्या किनाऱ्यावरून काढायची आहे. कुठे जावं, किती वाजता निघावं, टायरमध्ये हवा किती ठेवावी आणि खाऱ्या पाण्याने सायकलींची वाट लागू नये म्हणून काय करावं?

सुरुवात तारखेपासून करू, कारण गडबड तिथेच होते. पहिला शनिवार ही बर्फाळ देशांच्या सोयीची तारीख आहे. बर्फ सकाळीही असतो आणि दुपारीही. आपल्याकडे सायकल चालवण्याजोगी वाळू दिवसातून दोनदाच उघडी पडते, आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा शनिवार धरून बसू नका. त्या शनिवारी सकाळी भरती असेल तर राइड रविवारी नाही, सरळ पुढच्या आठवड्यात न्या. एका दिवसाने काहीच साधत नाही.

वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अजून उपयोगी पडते: तिथीची पाऊणपट करा, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन, म्हणून भरती रात्री आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास. एकादशीला हेच गणित केलं तर सकाळी सव्वाआठला ऐन भरती येते. त्या दिवशी सकाळची राइड विसरा. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्यावर फक्त दिवस निवडा आणि नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या.

सकाळच्या राइडला पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया सगळ्यांत चांगली. ओहोटी सात ते साडेआठच्या दरम्यान येते आणि दिवस उधाणाचे असल्यामुळे पाणी खूप मागे जातं. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटर किंवा त्याहून जास्त असतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत, आणि कडक वाळूचा पट्टा अरुंदच राहतो. खुद्द पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी साडेपाच-सहाला येते, पण डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. अंधारात किनाऱ्यावर सायकल नको. का ते पुढे येईल.

ओहोटीच्या दीड तास आधी, पण उजाडल्यावरच, चाक वाळूत घाला आणि ओहोटीनंतर दीड तासाने बाहेर काढा. ही मर्यादा उगाच नाही. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन. चार मीटरच्या उधाणाला तिसऱ्या एका तासात पाणी मीटरभर वर येतं. किनाऱ्याचा उतार ५० ला १ असेल तर हा एक मीटर म्हणजे आडवे ५० मीटर. सायकल चालवायचा पट्टा त्या तासात जवळजवळ नाहीसा होतो आणि सगळा ग्रुप वरच्या भुसभुशीत वाळूत ढकलला जातो, तोही थकलेला असताना. परतीचा अर्धा रस्ता ढकलत आणायचा प्रसंग बहुधा यामुळेच येतो.

जागा कोणती

जुहू नवख्यांसाठी ठीक आहे. किनारा रुंद, उतार सौम्य, ओहोटीला वाळू कडक. पण सुट्टीच्या दिवशी साडेसातनंतर चालणारे, क्रिकेटवाले, कुत्री आणि लहान मुलं यांच्यातून बारा सायकली नेणं म्हणजे लोकांना त्रास. जुहू निवडलंत तर उजाडताच सुरू करून आठपर्यंत संपवा, आणि मुख्य राइडऐवजी तालीम म्हणून वापरा.

मुख्य राइडसाठी गोराई बरी. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडणाऱ्या बोटीत दुचाकी घेतात, तशी सायकलही जाते. किंवा भाईंदर-उत्तन रस्त्याने वळसा घालून जाता येतं. मार्वेहून मनोरीची फेरीबोटही आहे. ओहोटीला धक्क्याच्या उतारावर शेवाळ उघडं पडतं आणि अठरा-वीस किलोची सायकल उतरवताना पाय सटकतो, म्हणून तिथे एका सायकलीला दोन माणसं लावा. पहिली बोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी धक्क्यावरच विचारा आणि मगच सगळ्यांना वेळ कळवा.

वसई-विरारकडे राजोडी, कळंब, अर्नाळा हा पट्टा मोकळा आहे. दिवसभराचा बेत असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग अलिबागपर्यंत साधारण २० किलोमीटर डांबर आणि नागाव-आक्षीची वाळू. आक्सा मात्र टाळा. तिथले प्रवाह आणि पाण्याखालचे खड्डे दरवर्षी माणसं ओढून नेतात. ग्रुपमधला एक जण हात-पाय धुवायला पाण्यात शिरला तरी जबाबदारी तुमचीच. शिवाय मढ-मार्वे भागात नौदलाची हद्द आहे, तिथे फोटोसाठी थांबायचं नाही. घरून किनाऱ्यापर्यंत येताना सागरी सेतू आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे, हे ग्रुपमधल्या उत्साही मंडळींना आधीच सांगून ठेवा.

जिथे खाडी समुद्राला मिळते तिथली काळी, चकाकणारी जमीन वाळू नसते. तो गाळ आहे. चार इंची टायरही त्यात हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधोमध, जातो. तिवरांत तर शिरायचंच नाही, ती कायद्याने संरक्षित आहेत.

आठ दिवस आधी, त्याच ओहोटीच्या टप्प्यावर, दोघांनी जाऊन वाट बघून या. नाले कुठे आडवे येतात, खडक कुठे, होड्यांचे दोर कुठे बांधलेले असतात, हे नकाशावर दिसत नाही. कोळीवाड्याजवळ हे दोर घोट्याच्या उंचीवर वाळूवरून आडवे जातात आणि पहाटेच्या उजेडात दिसतच नाहीत. अंधार नको म्हटलं ते यासाठी. हिवाळा हा बोंबील सुकवायचा मोसम, त्यामुळे वलांडी (मासे सुकवायच्या चौकटी) आणि पसरलेली जाळी यांच्यापासून लांबून जायचं. चाकाने जाळं फाटलं तर भरपाई द्यायची, वाद घालायचा नाही.

दुसरी खूण मर्यादवेलीची. भरतीच्या रेषेच्या वर ती पसरलेली दिसते. तिच्यावर आणि तिच्या पलीकडच्या कोरड्या वाळूत सायकल घालायची नाही. कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात, आणि २०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्यालाही पिल्लं निघाली होती. म्हणजे मुंबईत हे होत नाही असं समजायचं कारण नाही.

टायरमधली हवा

फॅट टायर जाड आहे म्हणून वाळूवर चालत नाही, त्यात हवा कमी ठेवता येते म्हणून चालतो. अलास्कातल्या बर्फावरच्या शर्यतींसाठी १९८० च्या दशकाच्या शेवटी सायमन राकोवर यांनी ४४ मिलिमीटरची रुंद रिम केली. त्याच सुमारास न्यू मेक्सिकोत रे मोलिना यांनी वाळूच्या टेकड्यांसाठी सुमारे ८० मिलिमीटरच्या रिम आणि रुंद टायर बनवले. २००५ मध्ये सर्ली कंपनीची पग्सली ही सायकल आली आणि हा प्रकार दुकानात मिळू लागला. तेव्हा वाळू ही या सायकलची उसनी जागा नाही, बर्फाइतकीच मूळची आहे.

हिशेब सरळ आहे. ७० किलोचा माणूस आणि १८ किलोची सायकल मिळून ८८ किलो. टायरमध्ये ७ पीएसआय (चौरस इंचाला ७ पौंड दाब) असेल तर दोन्ही चाकं मिळून ढोबळमानाने १८० चौरस सेंटिमीटर वाळूवर टेकतात. रोड बाइकच्या ९० पीएसआयला हेच १४ चौरस सेंटिमीटर. आणि फॅट टायरमध्ये २५ पीएसआय ठोकून वाळूवर नेली तर पन्नासच्या आसपास, म्हणजे रुंद टायरचा पैसा वाया. दुकानातून आलेल्या बहुतेक सायकलींत हेच असतं, कारण भरणारा टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा वाचून भरतो.

वर धरलेल्या वजनाला, २६ × ४ च्या टायरसाठी: डांबरावर १४ ते १६, दमट कडक वाळूवर ७ ते ८, कोरड्या भुसभुशीत वाळूवर ४ ते ५. चालवणारा ९० किलोच्या पुढचा असेल तर प्रत्येक ठिकाणी एक ते दीड वाढवा. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा अर्धा ते एक पीएसआय कमी, कारण वजन मागे जास्त असतं आणि पुढचं चाक रुतलं की माणूस हँडलवरून जातो. साध्या रिमवर ४ च्या खाली जाऊ नका.

हे आकडे पेट्रोल पंपावरच्या किंवा उभ्या पंपाच्या गेजवर वाचता येत नाहीत. १० च्या खाली ते गेज अंदाजच सांगतं. ० ते १५ किंवा ० ते ३० पीएसआयचं वेगळं गेज घ्या, ग्रुपमध्ये दोन पुरतात. पाचच्या पातळीवर एक पीएसआय म्हणजे वीस टक्के फरक, त्यामुळे अंगठ्याने दाबून चालत नाही. ऊनही हिशेबात धरा: पहाटे १८ अंशांना ५ ठेवलेला टायर उन्हात ३३ अंशांवर गेला की ६ दाखवतो. परतताना वाळू अचानक जड लागली तर आधी गेज लावा.

बारा सायकलींची हवा किनाऱ्यावर एकेक मोजत सोडली तर अर्धा तास तिथेच जातो आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही. त्यापेक्षा घरी प्रत्येकाने १५ वरून ७ वर यायला व्हॉल्व्हची पिन किती सेकंद दाबावी लागते ते मोजून सायकलीच्या नळीवर चिकटपट्टीने लिहावं. किनाऱ्यावर तेवढे सेकंद हवा सोडायची आणि एकदाच गेज लावून खात्री करायची.

कमी हवेचा एक ठरलेला घात: टायर रिमवरून हळूहळू सरकतो, आतली ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका होऊन बुडाशी फाटतो. ही फाट चिकटत नाही, ट्यूब फेकावी लागते. उपाय तीन. ट्यूब बसवताना टायरच्या आत टाल्कम पावडर भुरभुरा, व्हॉल्व्हची चकती रिमवर आवळू नका, आणि टायर व रिम दोन्हींवर एकच खडूची रेघ ओढा. दर दोन-तीन किलोमीटरला रेघ बघा. बोटभर सरकली असेल तर हवा काढून टायर जागेवर फिरवा आणि अर्धा-एक पीएसआय जास्त भरा. भोकांच्या रिममधली रंगीत पट्टीही त्याच वेळी तपासा. ती उसवली असेल तर ट्यूब भोकातून फुगून बाहेर येते.

वाळू संपून डांबर लागलं की लगेच हवा भरा. ५ पीएसआयवर डांबरी वळण घेताना हँडल स्वतःहून आत खेचलं जातं आणि टायरच्या कडा झिजतात. एवढ्या टायरला हवा लागतेही भरपूर: आतली जागा सुमारे १४ लिटर. छोट्या हातपंपाने १५ पर्यंत न्यायला दोनशेच्या आसपास वेळा हाणावं लागतं, म्हणून सामानाच्या गाडीत एक मोठा उभा पंप हवाच. १६ ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडच्या कुपीने रिकामा टायर ८-९ पीएसआयपर्यंत येतो, वाळूला तेवढा पुरतो.

गिअर

बिनगिअरच्या सायकलींचं काय करायचं, हा तुमच्या ग्रुपचा खरा प्रश्न आहे. २६ × ४ चं चाक एका फेरीत सुमारे २.३ मीटर जातं. पुढे ३६ आणि मागे १८ दाते असतील तर पायाच्या एका फेरीला चाकाच्या दोन. भुसभुशीत वाळूत वेग ताशी ८ किलोमीटरवर येतो, म्हणजे पाय मिनिटाला ३० पेक्षाही कमी वेळा फिरतो, प्रत्येक दाबाला सायकल थबकते आणि मागचं चाक उकरायला लागतं. गुडघ्यावर ताण येतो तो वेगळाच; फॅट बाइकचे दोन पायडल आधीच एकमेकांपासून लांब असतात.

मागचं फ्रीव्हील २२ दात्यांचं टाका आणि शक्य असेल तर पुढची चकती ३२ ची. गुणोत्तर दीडच्या खाली येतं, डांबरावर पाय गरगर फिरतात, पण वाळूवर माणूस बसून राहतो. साखळी बदलल्यावर नीट ताणून घ्या, लोंबती साखळी वाळूत पहिल्यांदा पडते. गिअरवाल्यांनी वाळू लागायच्या आधी एकास एकच्या जवळचा गिअर टाकायचा. दाब असताना गिअर बदलला आणि दात्यांत वाळू असली की साखळी अडकते, कधी तुटतेही.

वाळूवर चालवणं

कडक वाळू ओळखायची खूण: रंग गडद पण वरून चमक नाही. दमट वाळूचे कण त्यांच्यामधल्या पाण्याच्या पातळ थराने धरलेले असतात. पूर्ण कोरड्या वाळूत ही पकड नसते, आणि वरून आरशासारख्या चमकणाऱ्या, पाण्याने भरलेल्या वाळूतही ती निघून जाते. शंका आली तर उतरून टाच जोरात मारा. पेरभरापेक्षा जास्त रुतली तर दुसरी वाट धरा. पावसाळ्यात लाटांनी ओढून नेलेली वाळू हिवाळ्यात परत येऊन वरच्या भागात साचते, म्हणून डिसेंबरमध्ये भरतीच्या रेषेवरची वाळू जूनपेक्षा जास्त भुसभुशीत लागते.

सीटवर बसून राहा, वजन जरा मागे, हातांची पकड सैल. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागेवर फिरतं. पुढचं चाक थोडं वळवळणार, त्याच्याशी भांडायचं नाही. वळण मोठ्या गोलाईने घ्यायचं, पुढचा ब्रेक जवळजवळ वापरायचा नाही. दोन सायकलींत तीन-चार सायकलींचं अंतर, कारण रुतलेला माणूस वाळूत जागच्या जागी थांबतो, मागच्याला कळेपर्यंत धडक झालेली असते. रुतलात तर रेटू नका, उतरा, पाण्याच्या बाजूच्या कडक पट्ट्यावर आणा आणि तिथून सुरू करा.

पाणी घोट्यापर्यंत ठीक, हब भिजेल इतकं कधीच नाही. नाला ओलांडताना उतरून उचलून न्या. बॅटरीवाल्या फॅट बाइक सोबत असतील तर त्यांना ओल्या पट्ट्यापासूनही लांब ठेवा.

बारा जणांना एक पुढे, एक सगळ्यांत मागे आणि अवजारांचा एक मध्ये. ताशी ८ ते १० किलोमीटर धरा. पहिल्यांदा येणाऱ्यांना वाळूवरचे १० किलोमीटर रस्त्यावरच्या २५-३० इतके भारी जातात, तेव्हा जाऊन-येऊन १० च्या वर बेत आखू नका. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि हलका असतो. अकरानंतर खारा वारा जोर धरतो आणि उत्तरेला जाणाऱ्याला तो सहसा समोरून-बाजूने लागतो. आधी उत्तरेकडे जाऊन परतताना दक्षिणेला या.

माणशी दीड लिटर पाणी, खायला केळी आणि चिक्की. थंडीचे कपडे मुंबईत ओझंच होतात. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे मात्र हवेत. बूट साधे सपाट तळाचे, पायडलला अडकणाऱ्या बुटाखालच्या क्लीटमध्ये वाळू भरते. दिवे पुढे-मागे लावा, निदान किनाऱ्यापर्यंतच्या रस्त्यासाठी. जवळच्या पोलीस ठाण्यात दिवस, वेळ, माणसांची संख्या लेखी कळवा. आपत्कालीन क्रमांक ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

पंक्चर होणारच. किनाऱ्यावर काचा असतात, आणि विसर्जनानंतर मूर्तींमधल्या तारा व खिळे महिनोन्महिने वाळूत राहतात. ४ इंची ट्यूब नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. बारा सायकलींमागे चार ट्यूब, व्हॉल्व्हचा प्रकार बघून. नड आलीच तर २६ × २.५ ची ट्यूब फुगून तेवढी जागा भरते आणि कमी हवेवर घरापर्यंत नेते. टायर पूर्ण बाहेर काढून आतून बोटं फिरवा. तार जाड रबरात तुटून राहिली तर नवी ट्यूब पाच मिनिटांत जाते.

राइडनंतर

धुणं त्याच दिवशी, शक्यतो तीन-चार तासांत. दोन बादल्या गोडं पाणी, चमचाभर भांडी घासायचा द्रव, मऊ ब्रश. गाडी धुण्याच्या सेंटरवरचा दाबाचा फवारा वापरू नका. तो खारी वाळू हबच्या आणि पायडलच्या धुऱ्याच्या छर्‍यांत ढकलतो, आणि साध्या सायकलींत तिथे सील नावापुरतंच असतं. आधी नुसतं पाणी ओतून वाळू वाहू द्या, मग ब्रश. उलटं केलंत तर रंगावर घासपेपर फिरवल्यासारखं होईल.

साखळी डिझेलने धुऊन फडक्याने कोरडी करा, अर्धा तास सुकू द्या, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल आणि वरचं तेल पुसून टाका. सीटचा दांडा बाहेर काढून सायकल उलटी धरा. फ्रेममध्ये शिरलेलं पाणी तिथूनच निघतं, आणि दांड्याला ग्रीस लावून परत बसवा, नाहीतर तो मिठाने धरून बसतो. गंज सोडवणारा फवारा बोल्टवर चालेल, डिस्कवर आणि ब्रेकपॅडवर एक थेंबही नको. पॅड करकरत असतील तर काढून बारीक पॉलिश पेपरवर घासा, डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्रेक आणि गिअरच्या तारा स्टेनलेसच्या नसतील तर पुढच्या राइडआधी बदला.

दुसऱ्या दिवशी चाकं हाताने फिरवून बघा. हबमध्ये खरखर लागली तर कोन (छर्रे धरून ठेवणारा शंकूसारखा भाग) उघडून छर्रे पुसून नवं ग्रीस भरायचं, महिनाभर थांबलात तर कोनच बदलावा लागेल. ज्यांनी कुपीने हवा भरली होती त्यांच्या ट्यूब एव्हाना बसलेल्या असतील. कार्बन डायऑक्साइड रबरातून लवकर झिरपतो, ते पंक्चर नव्हे. उरलेला वायू सोडून साधी हवा भरा.